किशोरवयीन मुलांचं हृदय आणि रोजच्या सवयी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलगा रात्री उशिरापर्यंत जागतो, मैदानावर पाऊल ठेवत नाही, आजोबांना तरुणपणीच हार्ट अटॅक आला होता, अशा काळज्या आईवडिलांना असतात. मुलांचे प्रश्न वेगळे. छातीत कळ आली म्हणजे काही गंभीर असेल का? व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढल्याने खरंच काही होतं का? जिममधली पावडर घ्यावी का? खाली दोघांच्याही प्रश्नांची उत्तरं आहेत. प्रश्न मुलांचा असेल तिथे उत्तरही थेट त्यांनाच दिलं आहे.

खेळताना किंवा पळताना कुणी बेशुद्ध पडलं असेल, किंवा श्रम करताना छातीत दुखत असेल, तर पुढचं वाचणं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा.

हृदयविकार तर उतारवयात होतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने आत्तापासून त्याचा विचार कशाला करायचा?

हार्ट अटॅक पन्नाशी-साठीत येतो, पण त्याची सुरुवात कितीतरी आधी झालेली असते. कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय होतं २२. चारांपैकी तिघांच्या हृदयाच्या धमन्यांमध्ये रोगाच्या खुणा दिसल्या. धडधाकट, कवायत करणारी ही तरुण मुलं होती, त्यामुळे वैद्यकक्षेत्राला मोठा धक्का बसला.

पुढे १९७० च्या दशकात डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनी अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, बोगालुसा या छोट्या गावातल्या मुलांचा अभ्यास सुरू केला आणि तो कित्येक दशकं चालला. त्यातली काही मुलं आणि तरुण अपघातासारख्या कारणांनी दगावले. त्यांच्या धमन्यांची तपासणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. २ ते १५ वर्षं वयाच्या जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयाच्या धमन्यांत चरबीचे पट्टे होते. वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांपैकी जितक्या गोष्टी एकाच मुलात एकत्र आल्या, तितका हा थर जास्त पसरलेला होता.

चरबीचे पट्टे म्हणजे हृदयविकार नव्हे. ते विरूही शकतात. पुढे त्यांचं काय होणार हे बऱ्याच अंशी रोजच्या सवयींवर ठरतं, आणि या सवयी जडण्याचं वय हेच असतं.

मुलाचं वजन लहानपणापासून जास्त आहे. नुकसान होऊन गेलं असेल का?

नाही, आणि हे ठामपणे सांगता येतं. फिनलंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या अभ्यासांमधल्या ६,००० हून अधिक लोकांची माहिती एकत्र करून २०११ मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. लहानपणी वजन जास्त होतं, पण मोठेपणी लठ्ठपणा राहिला नाही, अशा लोकांचा मधुमेहाचा, उच्च रक्तदाबाचा आणि खराब कोलेस्टेरॉलचा धोका कायम सडपातळ राहिलेल्यांच्या जवळपास आला होता. किशोरवयात केलेला बदल वाया जात नाही. उलट या वयात शरीर जितकी दुरुस्ती करून घेतं, तितकी चाळिशीत घेत नाही.

नेमक्या कोणत्या गोष्टींकडे लक्ष द्यायचं?

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये आठ गोष्टी सांगितल्या: आहार, शारीरिक हालचाल, तंबाखू आणि निकोटिनपासून दूर राहणं, झोप, वजन, कोलेस्टेरॉल, रक्तातली साखर आणि रक्तदाब. झोप त्यात त्याच वर्षी नव्याने घेतली गेली.

आठही एकदम हाती घेतल्या तर आठवडाभरात घर थकून जातं. मला विचाराल तर क्रम असा लावा. निकोटिन अजिबात नको, त्यात तडजोड नाही. मग झोप, कारण झोप सुधारली की भूक, चिडचिड आणि व्यायामाची इच्छा आपोआप बदलते. मग हालचाल. खाण्याचं सगळ्यात शेवटी, कारण घराघरांत भांडणं त्यावरूनच होतात.

रोज किती व्यायाम हवा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वयोगटाला दिवसाला सरासरी किमान ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी, आणि त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू-हाडांना जोर देणारा व्यायाम असावा. ६० मिनिटं सलग हवीत असं नाही. सकाळची वीस मिनिटं, शाळेत जाता-येता झपझप चालणं, संध्याकाळचा खेळ, सगळं धरून झालं तरी चालतं.

दमवणारी म्हणजे किती? बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, ही मध्यम श्रमाची खूण. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर जोरदार श्रम.

याच संघटनेने २०१६ पर्यंतची जगभरची आकडेवारी तपासली तेव्हा ११ ते १७ वर्षांच्या ८१ टक्के मुलांची हालचाल पुरेशी नव्हती. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के होतं. हा आकडा मला फार टोचतो. वयात येताना बऱ्याच मुली मैदान सोडतात आणि त्यामागे आळस क्वचितच असतो. कपडे बदलायला जागा नसते, पाळीच्या दिवसांत सोय नसते, कुणी टक लावून बघतं, 'आता मोठी झालीस' असं घरातलंच कुणी म्हणतं. तुमच्या मुलीने खेळ सोडला असेल तर तिला उपदेश करण्याआधी यातलं काय घडलं ते विचारा. पुष्कळदा अडचण आपल्याला सोडवता येण्यासारखी असते.

आणि परीक्षेच्या वर्षात सगळ्यात आधी खेळ बंद करायची पद्धत चुकीची आहे. अर्धा तास पळून आलेलं मूल नंतर अधिक एकाग्र बसतं.

मला मैदानी खेळ मुळीच आवडत नाहीत. मग?

नको खेळूस. नाच, सायकल चालव, पोह, दोरीवरच्या उड्या मार, कुत्र्याला घेऊन लांब फिरायला जा. हृदयाला फक्त ठोके वाढलेले कळतात, ते कशामुळे वाढले याच्याशी त्याला देणंघेणं नाही. संघात कायम शेवटी निवडल्या गेलेल्या मुलांना खेळाचा तिटकारा येतो, आणि तो खरा असतो. एकट्याने करता येईल असं काहीतरी निवड.

जिममध्ये वजनं उचलली तर उंची खुंटते का? पावडर घेतली तर चालेल का?

उंची खुंटत नाही. जाणकार प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, हलक्या वजनापासून आणि नीट पद्धतीने केलेला व्यायाम या वयात सुरक्षित आहे. ईर्ष्येने, न झेपणारं वजन उचलणं मात्र टाळ.

साधी प्रोटीन पावडर बहुतेक मुलांना लागतच नाही, जेवणातून पुरेसं मिळतं. खरा धोका दोन गोष्टींत आहे. एक, व्यायामाआधी घ्यायच्या 'प्री-वर्कआउट' पावडरी. त्यांत भरपूर कॅफिन आणि इतर उत्तेजकं असतात, आणि डब्यावर छापलंय तेच आत असेल याची खात्री नसते. दुसरी, अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड्स. त्यांनी चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, झपाट्याने खाली येतं, खराब म्हणजे एलडीएल वाढतं, रक्तदाब चढतो आणि हृदयाची भिंत जाड होते. दंड फुगलेले दिसतात तेव्हा आत हृदयाचा स्नायूही बिघडत असतो. उंची खुंटण्याची भीती इथे खरी आहे, कारण स्टेरॉइड्समुळे हाडांची वाढ वेळेआधी थांबू शकते. जिममध्ये कुणी गोळी किंवा इंजेक्शन सुचवलं तर ती जिम सोड.

झोपेचा हृदयाशी काय संबंध?

खूप जवळचा. गाढ झोपेत रक्तदाब दिवसाच्या मानाने साधारण १० ते २० टक्के उतरतो. रक्तवाहिन्यांना रोज मिळणारी विश्रांती हीच. झोप कमी पडली की दाब उतरायला पुरेसा वेळ मिळत नाही, ताणाची संप्रेरकं चढी राहतात आणि भूक वाढवणाऱ्या संप्रेरकांचं प्रमाण वाढतं. जागरणाच्या रात्री तळलेलं आणि गोडच खावंसं वाटतं ते याचमुळे.

१३ ते १८ वयाला रोज ८ ते १० तास झोप लागते.

पालकांना एक कळकळीची विनंती. रात्री अकरापर्यंत झोप न येणं हा मुलांचा हट्ट नसतो. वयात येताना शरीराचं घड्याळ तास-दोन तास पुढे सरकतं आणि झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा स्रवतं. घड्याळ उशिरा झोपा म्हणतं, शाळा लवकर उठा म्हणते, आणि मधल्या मध्ये मूल भरडलं जातं. आपण फार तर ते घड्याळ आणखी पुढे जाऊ न देण्याची काळजी घेऊ शकतो. फोन रात्री खोलीबाहेर चार्जिंगला, सगळ्यांचा, आईवडिलांचाही. सकाळी उठल्यावर थोडा उजेड अंगावर. सुट्टीच्या दिवशी तास-दीड तासापेक्षा उशिरा उठणं नको. दुपारनंतर चहा-कॉफी नको.

मूल रोज मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल आणि दिवसा पेंगत असेल तर डॉक्टरांना दाखवा. झोपेत श्वास थांबण्याचा विकार मुलांनाही होतो आणि त्याने रक्तदाब वाढतो.

खाण्यापिण्यात काय बदलायचं?

फळं, भाज्या, डाळी, कडधान्यं, अख्खी धान्यं, दाणे आणि सुका मेवा वाढवायचा, एवढं सगळ्यांना पाठ आहे. अडचण पाकिटात आणि बाटलीत आहे, म्हणून तिथलीच तीन गणितं सांगतो.

मीठ: मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराच्या आत, आणि लहानांना त्यांच्या आहाराच्या मानाने त्याहून कमी. पाकिटावर मात्र मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. झटपट नूडल्सच्या किंवा वेफर्सच्या पाकिटावर हे गणित मुलांना स्वतः करू द्या. हजार वेळा 'खाऊ नकोस' म्हणण्यापेक्षा याचा उपयोग होतो.

साखर: वरून घातलेली साखर दिवसभरात साधारण २५ ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या आत राहिली तर उत्तम. ३३० मिलिलिटर कोलाच्या एका कॅनमध्ये ३५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. एका कॅनमध्येच दिवसाची मर्यादा ओलांडली. डबाबंद फळांच्या रसाचंही फारसं वेगळं नाही, फळ आख्खं खाल्लेलं बरं.

ट्रान्स फॅट: घटकांच्या यादीत 'अंशतः हायड्रोजनीकृत तेल' दिसलं की पाकीट परत ठेवा. ही चरबी एलडीएल वाढवते आणि एचडीएल घटवते, आणि तिचा शरीराला काहीच फायदा नाही.

एखादा पदार्थ कायमचा बंद मात्र करू नका. बंदी घातलेला पदार्थ मुलं बाहेर दुप्पट खातात. घरात काय आणून ठेवायचं हे मोठ्यांनी ठरवावं, त्यातलं किती खायचं हे मुलांनी. भूक लागल्यावर जे हाताशी असतं तेच खाल्लं जातं.

एनर्जी ड्रिंक प्यायल्याने काही होतं का?

होतं. किशोरवयात कॅफिनची दिवसाची सुरक्षित मर्यादा युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम धरली आहे. तुझं वजन ५० किलो असेल तर १५० मिलिग्रॅम. बऱ्याच एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलिलिटर कॅनमध्ये ८० मिलिग्रॅम कॅफिन असतं, म्हणजे मोठ्या ५०० मिलिलिटर कॅनमध्ये १६०. एका मोठ्या कॅनने तू मर्यादेबाहेर गेलास. वर साखर वेगळी. ठोके वाढतात, दाब वाढतो, झोप उडते, आणि हृदयाच्या लयीचा एखादा जन्मजात दोष लपलेला असेल तर तो यामुळे उघडा पडू शकतो. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना तर म्हणते की मुलांच्या आणि किशोरांच्या आहारात या पेयांना जागाच नाही. मलाही हे पटतं. अभ्यासासाठी जागायला पिणं तर आणखी वाईट, कारण वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेतच.

व्हेपमध्ये तंबाखू नसते. मग त्यात वाईट काय?

निकोटिन असतं, आणि हृदयाला पहिला फटका त्याचाच. निकोटिन रक्तात गेलं की अ‍ॅड्रिनलिन स्रवतं, नाडी वेगाने चालते, रक्तवाहिन्या आकसतात, दाब चढतो. दिवसातून वीस-तीस वेळा हे घडलं तर हृदयाला उसंत कधी मिळणार? शिवाय त्या वाफेत अतिसूक्ष्म कण असतात आणि ते फुप्फुसांत खोलवर जातात.

नव्या उपकरणांत निकोटिन क्षाराच्या रूपात असतं. त्याने घशाला खवखव होत नाही, म्हणून पहिल्यांदा ओढणाऱ्यालाही खोकला येत नाही आणि नकळत जास्त निकोटिन आत जातं. फळांच्या आणि आइस्क्रीमच्या चवी कुणासाठी काढल्या आहेत याचा तूच विचार कर. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते आणि वाढत्या मेंदूला व्यसन लवकर जडतं. काही आठवड्यांत 'कधीतरी मजेत' चं 'सकाळी उठल्याबरोबर' होतं.

लागलंच असेल तर लपवून कुढत बसू नकोस. सोडता येतं. शेवटच्या सिगारेटनंतर वीस मिनिटांत नाडी उतरायला लागते, आणि वर्षभर सिगारेट न ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो. सोडताना पहिले काही दिवस चिडचिड, अस्वस्थता, झोप न येणं हे होणारच, ते ओसरतं. डॉक्टरांना सांगितलंस तर मदत मिळते.

पालकांनी एवढंच करावं. व्हेप सापडलं त्या क्षणी आरडाओरडा करू नये. पहिलं वाक्य रागाचं निघालं तर पुढची सगळी माहिती बंद होते.

मुलाच्या वजनाबद्दल त्याच्याशी कसं बोलावं?

शक्यतो वजनाबद्दल बोलूच नका, सवयींबद्दल बोला आणि त्या अख्ख्या घराने पाळा. एकट्या मुलाच्या ताटात वेगळं वाढणं, पाहुण्यांसमोर शेरे मारणं, भावंडाशी तुलना करणं, टोपणनावं ठेवणं, यांनी वजन कमी होत नाही. ते मूल लपून खायला लागतं आणि मैदान टाळायला लागतं.

वाढत्या वयात मोठ्यांसाठीचा बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा, आकडा लावायचा नसतो. वय आणि लिंगानुसार वाढीचा तक्ता बघावा लागतो, आणि ते काम डॉक्टरांचं. घरी बघायची साधी खूण म्हणजे कमरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. बऱ्याचदा वजन उतरवण्याचीही गरज नसते. ते आहे तिथे थांबलं आणि उंची वाढत गेली की प्रमाण सुधारतं.

मैत्रीण जेवण टाळते आहे, खूप बारीक झाली आहे. हे हृदयाशी संबंधित आहे का?

हो, आणि तातडीने. उपासमारीत हृदयाचा स्नायूही झिजतो, नाडी फार मंद होते, उभं राहिल्यावर दाब कोसळतो. जेवणानंतर मुद्दाम उलट्या काढल्या तर रक्तातलं पोटॅशियम घटतं आणि हृदयाची लय जीवघेणी बिघडू शकते. असं मुलग्यांनाही होतं. तिने शपथ घातली असली तरी विश्वासातल्या एखाद्या मोठ्या माणसाला सांग. ही चुगली नाही.

माझं मूल सडपातळ आहे. तरी कोलेस्टेरॉल तपासायचं का?

हो. वजनावरून कोलेस्टेरॉल कळत नाही. अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सगळ्याच मुलांची तपासणी एकदा ९ ते ११ वयात आणि पुन्हा १७ ते २१ मध्ये करावी. मधल्या वर्षांत वयात येण्यामुळे आकडे खाली-वर होतात. मुलांसाठी एलडीएल ११० मिलिग्रॅमच्या आत चांगलं, १३० आणि वर जास्त.

घराण्यात कुणाला पन्नाशीच्या आत-बाहेर हार्ट अटॅक आला असेल तर थांबू नका. फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया हा आनुवंशिक विकार साधारण २५० ते ३०० माणसांत एकाला असतो. आईला किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. यात एलडीएल जन्मापासूनच चढं असतं, अनेकदा १९० च्या वर. पथ्य आणि व्यायाम हवाच, पण तेवढ्याने भागत नाही. साधारण ८ ते १० वर्षांपासून औषध सुरू करता येतं आणि वेळेत सुरू केलं तर पुढचं आयुष्य इतरांसारखंच जाऊ शकतं. 'एवढ्या लहान वयात गोळी?' ही घालमेल मी समजू शकतो, पण इथे न देण्याचा धोका मोठा आहे.

या वयात रक्तदाब किती असावा?

१३ वर्षांपुढे १२०/८० च्या खाली. वरचा आकडा १२० ते १२९ असेल तर लक्ष ठेवायचं, १३०/८० किंवा जास्त म्हणजे उच्च रक्तदाब. एकदा जास्त आला म्हणून घाबरू नका. दवाखान्यात पाऊल टाकताच दाब चढणारी मुलं पुष्कळ असतात. वेगवेगळ्या तीन भेटींत जास्त आला तरच निदान होतं. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. लहान पट्ट्याने दाब खोटाच जास्त येतो.

छातीत अधूनमधून कळ येते. मला हार्ट अटॅक येईल का?

भीती वाटणं साहजिक आहे, पण छातीत दुखतं म्हणून आलेल्या शंभर मुलांत हृदयाचं कारण पाचांमध्येही सापडत नाही. बहुतेक वेळा फासळ्यांचे सांधे किंवा स्नायू दुखावलेले असतात. बोटाने दाबल्यावर नेमकं तिथेच दुखतं, खोल श्वास घेतला की कळ येते. कधी आम्लपित्त असतं, कधी दमा, कधी परीक्षेचा नाहीतर घरातला ताण. ताणाचं दुखणं मनाचे खेळ म्हणून उडवून लावायचं नसतं, ते खरंच दुखतं आणि त्यावरही उपाय असतो.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं? पळताना किंवा खेळताना दुखत असेल, दुखण्यासोबत चक्कर किंवा धडधड असेल, ताप येऊन गेल्यावर छातीत दुखून धाप लागत असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तेव्हा.

घड्याळ सांगतं की नाडी ४८ आहे. कधी कधी ठोका चुकल्यासारखाही वाटतो.

विश्रांतीत ६० ते १०० हे सर्वसाधारण. नियमित पळणाऱ्या-पोहणाऱ्या मुलांची नाडी पन्नाशीच्या खालीही जाते, तो मजबूत हृदयाचा गुण आहे. श्वास घेताना ठोके थोडे जलद आणि सोडताना मंद होणं हेही तरुण वयात अगदी नेहमीचं. पण खेळत नसताना, वजन झपाट्याने उतरत असताना नाडी इतकी मंद झाली असेल, किंवा बसल्या जागी एकदम १८०-२०० वर जाऊन तितकीच अचानक थांबत असेल, तर दाखव.

उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

वाढत्या वयात हे नेहमीचं आहे. पाणी जास्त पी, नाश्ता चुकवू नकोस, झटकन उठू नकोस, भोवळ येतेय वाटलं तर आडवा हो आणि पाय उंच ठेव. व्यायाम चालू असताना शुद्ध हरपली तर मात्र तपासणीशिवाय पुन्हा मैदानात उतरायचं नाही.

घसा दुखण्याचा हृदयाशी संबंध असतो म्हणतात, खरं का?

खरं आहे, आणि लोकांना याची फार कमी जाणीव आहे. स्ट्रेप्टोकोकस जिवाणूमुळे घसा सुजला आणि औषध झालं नाही, तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येतो. ५ ते १५ वयात तो जास्त दिसतो. सांधे एकामागून एक सुजतात, आणि त्या तापात हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. घशाच्या दुखण्याला सुरुवात झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झालं तर हे टळतं. म्हणून तापासोबत घसा खूप दुखत असेल आणि सर्दी-खोकला नसेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि दिलेला औषधाचा कोर्स बरं वाटलं तरी पुरा करा. संधिवाताचा ताप येऊन गेलेल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी इंजेक्शन घ्यावं लागतं, वर्षानुवर्षं. ते चुकवू नका.

अंगात ताप असताना सामना खेळला तर?

नको. काही विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि त्या अवस्थेतले श्रम धोक्याचे असतात. अशी सूज झाल्याचं निदान झालं तर तीन ते सहा महिने खेळ बंद ठेवावा लागतो.

स्पर्धेत उतरण्याआधी ईसीजी काढावा का?

यावर जगभर मतभेद आहेत. इटलीत १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची आहे. अमेरिकेत सरसकट ईसीजीऐवजी लक्षणांची आणि घराण्याची सविस्तर चौकशी आणि शारीरिक तपासणी यांवर भर असतो, कारण ईसीजीत निरोगी मुलंही पुष्कळदा संशयित ठरतात. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक विकार साधारण ५०० त एकाला असतो आणि तो अनेकदा मुकाट असतो. माझं मत असं की घराण्याची नीट चौकशी प्रत्येकाची व्हावी आणि तीत काही खटकलं तर ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करण्यात चालढकल करू नये. बुडून किंवा गाडी चालवताना झालेले न उलगडलेले मृत्यूही त्या चौकशीत सांगा. काही वेळा त्यांचं मूळ हृदयाच्या लयीत असतं.

मैदानावर कुणी अचानक कोसळलं तर काय करायचं?

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये युरो फुटबॉल स्पर्धेच्या सामन्यात डेन्मार्कचा खेळाडू ख्रिश्चन एरिक्सन मैदानावर कोसळला. त्याचं हृदय थांबलं होतं. तिथल्या तिथे छाती दाबणं सुरू झालं, यंत्राने शॉक दिला गेला आणि तो वाचला. पुढच्या वर्षी तो पुन्हा खेळूही लागला. हे काम तेरा-चौदा वर्षांचं मूल शिकू शकतं आणि प्रत्येकाने शिकावं.

हाक मारा, खांदा हलवा. प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नसेल तर हृदय थांबलं असं समजा. मधूनच आचके दिल्यासारखा येणारा श्वास हा श्वास धरायचा नाही. एकाला रुग्णवाहिका बोलवायला सांगा, दुसऱ्याला एईडी, म्हणजे हृदयाला शॉक देणारं यंत्र, आणायला. छातीच्या मधोमध तळव्याने ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाबत राहा आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दमलात तर दोन मिनिटांनी दुसऱ्याला घ्या, पण मध्ये खंड नको. शॉक मिळायला होणारा प्रत्येक मिनिटाचा उशीर जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी करतो. एईडी सुरू केलं की ते स्वतःच पुढच्या सूचना देतं, आणि गरज नसेल तर ते शॉक देत नाही, त्यामुळे हात लावायला घाबरू नका. तुमच्या शाळेत आणि क्रीडांगणात ते यंत्र कुठे ठेवलंय, त्या खोलीची किल्ली कुणाकडे असते, आणि यंत्र मुळात आहे का, हे या आठवड्यात विचारून ठेवा.